लेखिकाबाईंचे साडेपाच ते सात

माझी भावजय मुलांसाठी पुस्तकं लिहिते हे आमच्या गल्लीत फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे त्यातल्या निम्म्यांना ती दातांची डॉक्टर वाटते. ती डॉक्टर नाही. गेली तेवीस वर्षं ती एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसते. नावं लिहून घेते, वेळा देते, फोन उचलते. आत मशीन घरघरायला लागलं की बाहेर बाकड्यावर बसलेलं पोर आईच्या पदरात तोंड खुपसतं. अशा पोराला काहीतरी सांगून गुंतवायचं, हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं, पण तेवीस वर्षांत ते तिचंच होऊन बसलं.

त्यातली एक गोष्ट, पडायला तयार नसलेल्या दुधाच्या दाताची, एका मुलाच्या वडिलांनी ऐकली. ते पुस्तकं छापायचे. दुखरा दात मुलाचा आणि पुस्तक हिचं, असा तो योग. दुसरं पुस्तक उंचीला घाबरणाऱ्या लिफ्टचं. ते लिहायला तिनं चार वर्षं लावली, कारण ती सुचेल तेव्हा, दवाखान्याच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहायची आणि निम्म्या चिठ्ठ्या धुण्यात जायच्या.

मी तिची मोठी नणंद. चौतीस वर्षं इस्पितळात काढली, त्यातली शेवटची अकरा वॉर्ड सिस्टर म्हणून. निवृत्त झाले आणि भावाकडे राहायला आले. बाहेर सगळे मला सिस्टर म्हणतात, घरात ताई. तिला मी लाडात आले की लेखिकाबाई म्हणते आणि रागावले तरी लेखिकाबाईच म्हणते. कुठली कुठली ते तिला आवाजावरून कळतं.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती प्रकाशकांकडून आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली.

"तिसरं पुस्तक वर्षाच्या आत द्या म्हणतात. तीन झाली की मालिका होते, मालिका झाली की पहिली दोन पुन्हा छापता येतात. नाहीतर आहेत तेवढी विकली की संपली."

"मग दे की."

"ताई, मला सवयच नाही रोज बसायची. मला नाही जमायचं."

"सवय लावता येते," मी म्हणाले. "मी माणसांना एका पायावर चालायची सवय लावली आहे."

दुसऱ्या दिवशी मी नियम केले. वेळ पहाटे साडेपाच ते सात, कारण सातनंतर डबे, अंघोळी, आणि नऊला तिचा दवाखाना. जागा मागच्या खोलीत शिवणयंत्रावर, झाकण बंद करून. मोबाईल माझ्याकडे. रोज एक पान, बरं असो वाईट असो. औषध आवडलं का, असं आम्ही रोग्याला विचारत नाही, घेतलं का एवढंच विचारतो. आणि दार लावलं की मधे कुणी वाजवायचं नाही. आग लागली किंवा कुणी मेलं तरच. माझ्या भावाला पाळीची नोकरी, तो कधी सकाळी झोपायला यायचा तर कधी कामावर निघायचा. त्यानं हे सगळं मुकाट्यानं ऐकलं आणि विचारलं, "मी मेलो तर चालेल ना वाजवलेलं?"

भिंतीवर मी तक्ता लावला. वॉर्डात तापाचा असतो तसाच, खाली तारखा आणि बाजूला आकडे, फक्त तापाच्या जागी पानं.

मला वाटलं होतं नव्याचे नऊ दिवस. पण बाई टिकली. पहिले सहा आठवडे तिनं नुसत्या सुरुवाती केल्या आणि खोडल्या, पण बसली रोज. सातला बाहेर यायची, मी चहा पुढे करायचे आणि ती त्या दिवशीचं पान मला वाचून दाखवायची. हा नियम मी केला नव्हता. तो आपसूक झाला, आणि खरं सांगायचं तर मला तोच सगळ्यांत आवडायचा. निवृत्त बाईला सकाळी सातला कुणाची तरी वाट बघायला मिळणं ही थोडीथोडकी गोष्ट नसते.

सातव्या आठवड्यात तिला बाकडं सापडलं. दवाखान्यातलंच. त्याची तिनं चार पानं लिहिली, आणि चौथं पान ऐकताना मी चहा प्यायला विसरले.

आणि मग शाळा सुरू झाल्या.

आमचे प्रकाशक पहाटे फिरायला जातात आणि चालता चालता फोन करतात, त्यामुळे त्यांचा फोन नेहमी धापा टाकत येतो. मोबाईल त्या वेळी माझ्याकडे, म्हणजे धापा मी ऐकायच्या. "सिस्टर, त्यांना सांगा, पुस्तक लिहिलं म्हणजे मूल जन्माला घातलं. वाढवायचं कुणी? शाळांत जायला हवं, वाचनालयात जायला हवं. लेखक दिसला पाहिजे. एक-एक मिनिटाचे व्हिडिओ टाका." जन्म देण्याबद्दल पुरुषांनी मला शिकवू नये असं माझं मत आहे, पण मी निरोप दिला.

तेव्हापासून शनिवारी शाळा आणि रविवारी कुठल्यातरी दुकानात टेबल मांडून बसणं. सोबत मी, पुस्तकांची पिशवी माझ्या खांद्यावर. व्हिडिओसुद्धा मीच काढायचे. पहिल्या व्हिडिओत चार मिनिटं माझा अंगठा आहे आणि मागून तिचा आवाज. एका दुकानात तिचा दुधाचा दात आरोग्याच्या कप्प्यात, मूळव्याधीच्या शेजारी ठेवला होता. मी तो उचलून मुलांच्या पुस्तकांत ठेवला, आठवड्यानं गेलो तर परत मूळव्याधीपाशी. पहिल्याच शाळेत मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली ती 'सुप्रसिद्ध दंतवैद्य' म्हणून. ती गोष्ट वाचायला उभी राहिली तर पुढच्या रांगेतली सहा पोरं तोंड उघडून उभी. तिनं सहाही तोंडांत डोकावून पाहिलं, दोघांना दवाखान्यात यायला सांगितलं आणि मग वाचायला सुरुवात केली. मला हसू आवरेना. येताना बसमध्ये तीही हसली, पण डोळे मिटून. माणूस फार दमला की तसा हसतो.

पाचवी की सहावी शाळा असेल. सभागृह मोठं, शेवटचा तास, मुलं सातवीची, माईक कुत्र्यासारखा विव्हळत होता. दुधाचा दात त्यांच्या वयाला पोरकट झाला. मागच्या रांगेत जांभया सुरू झाल्या. मी भिंतीशी उभी होते, मला तिची मान अवघडलेली दिसत होती. अचानक तिनं पुस्तक मिटलं.

"मी सध्या एक गोष्ट लिहितेय," ती म्हणाली. "अजून मलाही पूर्ण माहीत नाही. सांगू?"

आणि तिनं सांगितलं. एका दवाखान्यात एक बाकडं होतं. त्याच्यावर बसून सगळे वाट बघायचे. नाव पुकारलं की उठून आत जायचे. बाकड्याचं नाव मात्र कधीच कुणी पुकारलं नाही. शेवटी एक दिवस बाकड्यानं ठरवलं, आत काय असतं ते आपणच जाऊन बघू.

घंटा झाली आणि एकही पोर जागचं हललं नाही. शाळा सुटल्यावर मुलं बसून राहतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

येताना ती थांबेचना. हात हलवून बोलत होती, गाल लाल झाले होते, पंचवीस वर्षांची दिसत होती. मी म्हणाले, "आता सगळीकडे हीच सांगत जा." हे वाक्य माझं. ते मी कुणावर ढकलणार नाही.

सतरा शाळांत तिनं बाकडं सांगितलं. मुलं ओढतील तशी गोष्ट जायची. एका शाळेत बाकडं लिफ्टमध्ये अडकलं, एका शाळेत त्यानं डॉक्टरांचाच दात पाहिला, एका ठिकाणी एक लहान मुलगी इतकी रडली की बाकड्याचं नाव शेवटी पुकारावंच लागलं. मी प्रत्येक वेळी नवीन असल्यासारखी ऐकली. मला तर वाटायचं गोष्ट वाढतेय, अंग धरतेय.

तक्ता वेगळंच सांगत होता. एक पान, अर्धं, पाव, मग काही नाही. मी म्हटलं दमली असेल. दमली होतीच. शनिवारी शाळेतून आली की पाय सुजलेले असायचे, मी बादलीत कोमट पाणी ओतायचे आणि ती पाय बुडवून तशीच पेंगायची. साडेपाचला मात्र उठायची. दार लावायची. सातला बाहेर यायची आणि चहाकडे बघत म्हणायची, "आज नाही."

एकदा सातच्या आधीच बाहेर आली.

"ताई, ती गोष्ट संपली."

"संपली कशी? चारच पानं आहेत."

"कागदावर चार. माझी संपली. मी बसते, पेन टेकवते आणि मला सगळं माहीत असतं. पुढे काय होतं ते बघायला मी लिहायची. आता बघायचं काही उरलंच नाही."

मला हे पटलं नाही. उलट संताप आला. "लेखिकाबाई, सतरा वेळा सांगितलेली गोष्ट अठराव्यांदा कागदावर सांगायची, एवढंच ना? तू सांग, मी उतरवून घेते."

मी वही घेऊन बसले. ती सपाट आवाजात सांगत गेली, मी लिहीत गेले. आठ पानं भरली. मला वाटलं जिंकलो. मग वाचून दाखवायला घेतलं. "दुपारी दोन वाजता बाकडे जिना चढले. तक्रार नाही. चार वाजता थोडी अस्वस्थता." चौतीस वर्षं रात्रपाळीचे अहवाल लिहिलेला हात, तो दुसरं काय लिहिणार? ती खो-खो हसली, मीही हसले. हसता हसता तिनं डोकं शिवणयंत्रावर टेकलं आणि ते बराच वेळ वर केलं नाही. दोष नुसता माझ्या हाताचा नव्हता. तिच्या सांगण्यातच जीव नव्हता. मला नाडी बघता येते. त्या आठ पानांत कुठेही लागत नव्हती.

नुसती तोंडाची वाफ दवडणं म्हणतात ते आम्ही गाडीभाडं खर्चून, खांद्यावर पिशवी वाहून केलं होतं. आणि पुढे होऊन ते करायला मीच सांगितलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला.

त्यानंतर तेवीस दिवस तक्त्यावर शून्य. वॉर्डात रेष खाली आली की आम्हाला बरं वाटायचं, रोगी घरी जाणार असायचा. ही खालची रेष बघून मला भिंतीकडे पाठ करून बसावंसं वाटायचं. मी प्रकाशकांना सांगितलं की शाळा बंद, एक कबूल केलेली आहे तेवढीच होईल. ते धापा टाकत म्हणाले, "सिस्टर, लोक विसरतात हो." मी म्हटलं, विसरू द्या.

चोविसाव्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते आणि मागच्या खोलीतून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. ती लिहायला लागली की पुढे सरकते, तेव्हा करकरते. मी हातातलं भांडं सावकाश खाली ठेवलं.

सातला ती बाहेर आली. मी चहा पुढे केला.

"एक पान," ती म्हणाली.

"बाकडं?"

"नाही. दुसरंच."

"वाच."

"नाही ताई."

"बरं, कशाबद्दल ते तरी सांग."

"ते पण नाही. लिहून होईपर्यंत कुणालाच नाही."

"मलासुद्धा नाही?"

"तुम्हाला तर मुळीच नाही." तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. "तुम्ही फार छान ऐकता, ताई. तुम्ही ऐकलंत की मला वाटतं, झालं आपलं काम."

मला फार लागलं ते. तक्ता माझा, नियम माझे, पिशवी वाहिली मी, आणि दाराबाहेरही मीच. तीन दिवस मी तिच्याशी भाजी आणि दूध यापलीकडे बोलले नाही. भावानं विचारलं, "तुमचं भांडण झालंय का?" आम्ही दोघी एकदम 'नाही' म्हणालो.

वही ती शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची, दोऱ्यांच्या रिळांबरोबर. चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेल्यावर मी ती खोली पुसायला घेतली. पुसून झाली, तरी मी तिथेच. ड्रॉवर दोन बोटं उघडला. वहीचा निळा कोपरा दिसला. मी आयुष्यभर लोकांचे कागद न विचारता वाचले, तो माझा हक्कच होता. हात तिथे किती वेळ होता सांगता येत नाही. मग मी ड्रॉवर लोटला, बाजारात गेले आणि एक छोटं कुलूप घेऊन आले. संध्याकाळी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

तिनं किल्ली मुठीत धरली आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. आम्ही दोघीही दमलो होतो.

कबूल केलेली ती एक शाळा राहिली होती. तिथल्या मुलांनी बाकडं आधीच ऐकलं होतं, कुणाच्या मावसभावाकडून, कुणाच्या बसमधल्या मैत्रिणीकडून. "बाकड्याची सांगा, बाकड्याची सांगा." ती स्टेजच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुम्हीच सांगा. मी विसरलेय." मग काय, पाऊण तास पोरं भांडून भांडून सांगत होती आणि ही हनुवटी हातावर टेकून ऐकत होती. एकानं विचारलं, "आणि तुमची पुढची गोष्ट कशाबद्दल?" मी भिंतीशी कान देऊन उभी. मलाही तेच हवं होतं ना. ती म्हणाली, "अजून वाट बघतेय." पोरं हिरमुसली. पिशवीतली पुस्तकं जशी नेली तशी परत आणली, आणि ती जाताना होती त्याहून जड लागली.

वर्ष संपत आलं. तक्त्यावर रोज पान नव्हतं, पण आठवड्यात चार-पाच तरी होती. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, हे मी हजार नातेवाइकांना सांगितलेलं वाक्य आता स्वतःला सांगत होते. प्रकाशकांना पूर्ण पुस्तक नको होतं, फक्त दोन ओळी हव्या होत्या. कशाबद्दल आहे ते सांगा, चित्रकाराला कळवतो, नव्या पुस्तकांच्या यादीत छापतो, बाकीचं सवडीनं द्या. तिनं दोनदा सांगितलं, लिहून झाल्यावर. त्यांना वाटलं बाई भाव खातेय.

शेवटचा फोन आला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी मधल्या खोलीत स्टुलावर बसले होते.

"सिस्टर, आज यादी छापायला जातेय. मला फक्त दोन ओळी द्या. तुम्हीच सांगा, तुम्ही तर रोज ऐकता."

"मला माहीत नाही."

"घरात राहता आणि माहीत नाही?"

"नाही."

चौतीस वर्षं मी लोकांना त्यांच्या माणसाचं काय चाललंय ते सांगत आले. 'मला माहीत नाही' हे माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"मग ती जागा मला दुसऱ्याला द्यावी लागेल," ते थांबून म्हणाले. चालणंही थांबवलं असावं, कारण धाप नव्हती. "आणि पहिली दोन्ही पुन्हा छापायचं आपण थांबवू. मला वाईट वाटतं. पण बघा, बाई घरातच आहेत ना? दोन ओळींचा तर प्रश्न आहे."

दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी उठले, दारापाशी गेले, बोटं दुमडून हात वर केला. आतून खुर्ची करकरली. पेनाचा आवाज मला तिथून ऐकू येणं शक्य नाही, पण येत होता असं आठवतं. आणि मग ती हसली. एकटीच, खुदकन, वाह्यात काहीतरी सुचल्यावर पोरं हसतात तशी. वर्षभरात मी तिचं असं हसू ऐकलं नव्हतं.

मी हात खाली घेतला. "ती सातला बाहेर येईल," मी फोनमध्ये म्हणाले.

"सातला मी छापखान्यात असेन, सिस्टर."

"मग असा."

पन्नास मिनिटं मी स्टुलावर बसून काढली. वाईट बातमी घेऊन दाराबाहेर बसायची मला सवय आहे, पण बातमी घरची असली की सवयीचा काही उपयोग होत नाही. चहा केला, तो गार झाला.

सातला दार उघडलं. "अडीच," ती म्हणाली. डोळ्यांखाली काळं, बोटाला शाई. मी आधी तक्त्यावर अडीच लिहिलं. मग तिला सगळं सांगितलं, सहा-दहापासून.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "म्हणजे दुधाचा दात गेला," ती म्हणाली. "लिफ्टही." डोळे भरले, तिनं ते पुसले नाहीत. "दार का नाही वाजवलंत, ताई?"

"आग लागली नव्हती. कुणी मेलं नव्हतं."

"मेली ना. दोन पुस्तकं."

"हो," मी म्हणाले. "पण आत तू हसत होतीस."

गार झालेला चहा तिनं उचलला, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत उभ्या उभ्या संपवला, आणि कप धुवायला घेऊन गेली.